उत्तम मास्तरचे लाकडी टाचांचे जोडे

आमच्या मूल गावच्या व्यायामशाळेत कोणी किती वजन उचललं, ते आता उचलणाऱ्यालाही नीट आठवत नाही. जोड्यांचं मात्र सगळं आठवतं. कोणाच्या तरी लग्नात आम्ही जुने लोक भेटतो, मांडवाबाहेर चपला-बुटांचा ढीग पडलेला असतो, एखादा त्या ढिगाकडे पाहून नुसता हसतो, आणि झालं. वरात पुढे निघून जाते, आम्ही तिथेच. दरवेळी किस्से थोडे वाढलेले असतात. खोटं कोणी सांगत नाही, पण प्रत्येकाकडे काही ना काही सांगायचं राहून गेलेलं असतं, ते बाहेर येतं.

हे सगळं ऐंशीनंतरच्या वर्षांतलं. मी तेव्हा बिजलीच्या ऑफिसात लाइनमन होतो. उत्तम रामटेके शाळेत पीटी मास्तर. उंचीनं कमी, पण खांदे असे की शर्ट आधी खांद्यात फाटायचा. गणपत मडावी राईस मिलमध्ये कामाला होता. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, उंच, सडपातळ, आणि कायम अनवाणी. आणि या सगळ्यांवर शामरावभाऊ, म्हणजे आमचे वस्ताद. तरुणपणी कुस्त्या खेळलेले, आता बाजेवर बसून आम्हाला शिव्या देणारे.

जोडे उत्तमचे. वेटलिफ्टिंगचे.

*

उत्तम एकदा नागपूरला वेटलिफ्टिंगच्या स्पर्धा पाहायला गेला. परत आला तो वेगळाच होऊन. म्हणे, तिथले सगळे मोठे लिफ्टर उंच टाचेचे जोडे घालतात. टाच लाकडाची, कडक, वरून चामड्याचा पट्टा. टाच उंच असली की खाली बसताना पाठ सरळ राहते आणि वजन सोपं जातं.

दुकानात तसे जोडे मिळेनात. शेवटी कोणीतरी त्याला एका चांभाराचा पत्ता सांगितला. तो माणूस दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसायचा. ज्यांचा एक पाय आखूड असतो त्यांना एका बाजूला उंच टाच लावून जोडे करून द्यायचा. हात चांगला होता त्याचा.

उत्तमनं त्याला मातीत चित्र काढून दाखवलं. चांभारानं ते नीट पाहिलं, मग उत्तमच्या पायांकडे पाहिलं, आणि फार मायेनं विचारलं, "कोनता पाय आखूड हाय, भाऊ?"

उत्तम म्हणाला, "दोन्हीले लावा."

चांभारानं हातातली आरी खाली ठेवली.

"दोनी सारकेच आखूड हाय, तं मंग तरास काय होऊन राह्यला तुमाले?"

*

जोडे आले तेव्हा आम्ही सगळे जमलो. काळे कुळकुळीत, वजनदार. एक जोडा हातात घेतला तर इस्त्री उचलल्यासारखं वाटायचं. वस्तादांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. त्यांचं मत साधं होतं. पायाला माती लागली नाही तर अंगात ताकद येणार कुठून?

आमच्या व्यायामशाळेची जमीन तेव्हा मातीची होती. आठवड्यातून एकदा शेणानं सारवायची. त्या दिवशी नुकतीच सारवलेली होती, आणि पावसाळा असल्यामुळे खालची माती मऊ होती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

उत्तमनं जोडे घातले, पट्टा आवळला, बारपुढे उभा राहिला. एकदम रुबाबदार दिसत होता. श्वास घेतला आणि बार डोक्यावर नेला. खरंच सोपं गेलं. त्याच्या तोंडावर हसू आलं. आणि मग तो हळूहळू आमच्यासमोर कमी व्हायला लागला.

टाचा लहान, वरून त्याचं वजन, त्यावर बारचं वजन. टाचा खिळ्यासारख्या आत शिरत होत्या. वजन टाकावं तर मागे पडणार, धरून ठेवावं तर आणखी आत जाणार. तो बिचारा वर हात करून उभा, आणि आम्हाला काय करावं ते सुचेना. शेवटी गणपतनं आणि मी दोन बाजूंनी बार उचलून घेतला. बार निघाला, उत्तम निघाला नाही. जोडे जमिनीत घट्ट बसले होते.

वस्ताद बाजेवरून उठलेही नाहीत. शेजारच्या शेतात धानाची रोवणी चालू होती, तिकडे पाहून म्हणाले, "राहू दे तसाच. पानी सोडा. दिवाळीपावतर लोंबी येईल."

जोडे कुदळीनं खणून काढावे लागले. त्यानंतर राईस मिलमधून जुन्या फळ्या आणून आम्ही खाली टाकल्या. पण ओल लागायची ती लागली होती. काही दिवसांनी एका टाचेला उभी चीर गेली.

*

पुढे गडचिरोलीला जिल्ह्यांच्या स्पर्धा लागल्या. उत्तमला आणि गणपतला जायचं होतं. चिरलेली टाच घेऊन जाता येईना, म्हणून उत्तम आमच्या सुताराकडे गेला. सुतार म्हणाला, असं तसं लाकूड लावलं तर पुन्हा फुटेल, आता एकदाच काय ते चांगलं लावू. घराच्या जुन्या दाराची उरलेली चौकट त्याच्याकडे पडून होती. तिच्यातून त्यानं दोन टाचा कापल्या. सागवानाच्या. रंधा मारून, घासून, तेल लावून. त्यांना असा सुंदर वास यायचा की उत्तम त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हुंगायला द्यायचा.

आम्ही तिघं एसटीनं निघालो. मी नुसता टाळ्या वाजवायला. मध्ये चोरटं लाकूड पकडायचा जंगल खात्याचा नाका आला. गार्ड गाडीत चढला आणि नेहमीप्रमाणे पिशव्या चाचपत मागे आला. उत्तमची थैली उचलली तर ती जड लागली.

"काय हाय यात?"

"जोडे," उत्तम म्हणाला.

गार्डला ते पटलं नाही. जोडे इतके जड कसे, असं त्यानं विचारलं. इथे उत्तमनं गप्प बसायला पाहिजे होतं. पण जोड्यांबद्दल कोणी विचारलं की त्याला राहवायचं नाही. त्यानं जोडा बाहेर काढला, उलटा करून गार्डच्या नाकाजवळ नेला आणि अभिमानानं सांगितलं, "सागवान हाय. अस्सल."

अख्खी गाडी मागे वळून पाहायला लागली. आमच्या भागात नाक्यावर, गार्डसमोर, स्वतःहून सागवान हा शब्द काढणारा माणूस आजवर कोणी पाहिला नव्हता.

गार्ड नवीन होता आणि सरळ होता. सागवान म्हटल्यावर त्याला परवाना विचारणं भाग होतं. त्यानं विचारला. उत्तमनं जोडा पुन्हा उलटा करून पाहिला. जोड्यांचा परवाना कुठून आणणार? गार्ड म्हणाला, मग लाकूड इथेच उतरवून ठेवा आणि जोडे घेऊन जा. म्हणजे टाचा काढून द्या. उत्तम म्हणाला, माझी स्पर्धा आहे. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोक जागा सोडून, मागे येऊन जोडे पाहून गेले. एका म्हाताऱ्या बाईनं तर गार्डला समजावलं, "बापा, लाकूड पायात हाय न त्याच्या. घरी नेऊन पलंग थोडीच करनार हाय तो?"

शेवटी गार्डनं आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब जेवणावरून उठून आले, जोडे पाहिले, उत्तमला पाहिलं. त्यांनाही गाडी सोडायची होती आणि नियमही पाळायचा होता. त्यांनी गार्डला हातोडा आणायला लावला. लिलावातल्या लाकडांवर निशाणी उमटवायचा तो खास हातोडा असतो, तो. आणि दोन्ही टाचांवर एकेक ठोका मारून दिला. ठळक गोल शिक्का उठला, तोच परवाना.

गडचिरोलीला स्पर्धेआधी एक पंच सगळ्यांचे जोडे, पट्टे तपासत होते. त्यांनी उत्तमच्या टाचेवरचा शिक्का पाहिला. हात फिरवला. पुन्हा पाहिला. मग आदरानं विचारलं, "इम्पोर्टेड दिसतात. कोणत्या कंपनीचे?"

उत्तर गणपतनं दिलं. "जंगल खात्याचे."

*

त्याच दिवसाचा दुसरा किस्सा आहे, आणि तो सांगताना गणपत अजूनही आपले पाय बाजेखाली लपवतो.

पंचांनी तपासणीत गणपतला विचारलं, तुझे जोडे कुठे? गणपत म्हणाला, मी घालत नाही. पंच म्हणाले, नियमाप्रमाणे जोडे लागतातच. अनवाणी फळीवर चढता येणार नाही. गणपतनं जन्मात जोडे घातले नव्हते. तो पिशवी उचलून निघायलाच लागला होता. उत्तमनं त्याला अडवलं. आपल्याकडे एक जोडी आहे ना, तो म्हणाला, तू घाल, तुझं झालं की मला दे.

अडचण अशी होती की दोघं एकाच वजनगटात निघाले. एक उंच सडपातळ, एक बुटका भरलेला; काट्यावर सारखे. म्हणजे दोघांना आळीपाळीनं उचलायचं. आणि दुसरी अडचण म्हणजे गणपतचा पाय. त्या पायाला रुंदीची कधी मनाई नव्हती, तो हवा तसा वाढला होता.

मी आणि उत्तमनं मिळून तो पाय जोड्यात घातला. कसा घातला ते सांगत नाही. गणपत टक् टक् करत फळीवर गेला, बार धरला, आणि एका झटक्यात वर. इतकी साफ लिफ्ट त्या दिवशी कोणाचीच झाली नाही. पंचांनी खाली ठेवायचा इशारा केला तरी तो उभाच. डोळ्यांतून धारा. लोकांना वाटलं, पोराचं मन भरून आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक पंच तर चष्मा पुसायला लागले.

खाली आल्यावर गणपत माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, पयले हे काढा."

ते निघेनात. पाय आत सुजला होता. मी एका बाजूनं, उत्तम दुसऱ्या बाजूनं. गणपतनं खुर्ची धरली तर खुर्ची सरकत आली. इतक्यात उत्तमच्या नावाचा पुकारा झाला. उत्तम जमिनीवर बसून आपलेच जोडे ओढत होता. दुसरा पुकारा झाला. तो तसाच पळत गेला आणि पंचांना सांगायला लागला की जोडे आहेत, फक्त ते दुसऱ्याच्या पायात आहेत. पंच म्हणाले, मग त्याच्याच पायात राहू द्या.

गणपतला गटात पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायलाही तो त्याच जोड्यांत गेला, कारण दुसरा इलाज नव्हता. परतताना एसटीत तो उत्तमकडे पाहतच नव्हता. त्याला फार लागलं होतं मनाला. उत्तमलाही लागलं होतं, वर्षभर घाम गाळला होता त्यानं. शेवटी उत्तमच म्हणाला, "जाऊ दे ना गणपत. मी हारलो, माहे जोडे तं जिंकले."

व्यायामशाळेत पोचल्यावर वस्तादांनी जवसाचं तेल ओतून ते जोडे काढले. मग पाय पाहिला, जोडे पाहिले, आणि बक्षिसाकडे पाहिलंच नाही.

*

त्या उन्हाळ्यात गणपतच्या बहिणीचं लग्न होतं. उत्तम एक दिवस आधी निघाला, मी मागून येणार होतो. त्याचा व्यायाम चुकायला नको म्हणून जोडे थैलीत. एसटी जिथपर्यंत जाते तिथे उतरला, पुढे जंगलातून पायवाट. थोडं चालल्यावर चपलेचा अंगठा तुटला. दगडगोट्यांची वाट, ऊन तापलेलं. त्यानं जोडे चढवले.

आता हे जोडे चालण्यासाठी नाहीतच. तळवा वाकत नाही, टाच उंच, त्यामुळे माणसाला आपोआप छाती पुढे काढून, पाय आपटत चालावं लागतं. अंगात पीटीची खाकी पँट, गळ्यात शिट्टी. ती काढायची त्याला सवयच नव्हती. गावाच्या तोंडाशी खडकाची सपाट चादर आहे. तिच्यावर तो चढला आणि आवाज सुरू झाला. टक्, टक्, टक्.

गावात लग्नाची मोहाची दारू तयार होती. त्यांच्यात लग्नाच्या मानपानाला ती लागतेच. पहिला आवाज कोणी ऐकला देव जाणे, पण दारूबंदीचा दरोगा आला अशी हाक फिरली. उत्तम गावात शिरला तेव्हा गाव रिकामं. चुली पेटलेल्या, माणूस नाही. कुत्रीसुद्धा नव्हती म्हणे. तो मांडवाखाली उभा राहून गणपतला हाका मारत राहिला. कोणी ओ देईना.

शेवटी एक म्हातारी बाहेर आली. गणपतची मावशी. तिनं उत्तमला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "दरोगासाहेब, पानी पेता काय?"

उत्तमनं सांगितलं की मी दरोगा नाही, मी गणपतचा मित्र, मास्तर. म्हातारी तिथेच मटकन खाली बसली. घराघरातले हंडे तोवर नाल्यात रिकामे झाले होते.

लोक एकेक करून परत आले. उत्तमनं प्रत्येकाची माफी मागितली. गणपत मात्र दिसेना. शोधाशोध झाली तर तो घरातल्या धान साठवायच्या मोठ्या ढोलीमागे दबून बसलेला. उत्तमचा इथे संताप झाला. गावाचं ठीक आहे, पण तू? तूच तर हे जोडे घालून अख्ख्या गडचिरोलीत फिरलास. तुला आवाज ओळखू आला नाही?

गणपतनं अंगावरचा भुसा झटकला.

"मास्तर, माह्या पायात होते तवा मले आवाज ऐकूच नाई आला. दुखूनच इतकं राह्यलं होतं."

लग्न नीट झालं. चहावर झालं. नवरदेवाचे काका मात्र जेवण संपेपर्यंत उत्तमच्या पायांकडे पाहत होते.

*

थंडीत वडश्याकडे झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या भागातली रात्रभराची नाटकं सुरू होतात. वस्तादांचा भाचा एका मंडळीत खलनायकाचं काम करायचा. दिवे-माइकचं पाहायला मी ओळखीपोटी जायचो. त्या वर्षी त्याला जमीनदाराच्या कामासाठी भारी बूट पाहिजे होते. वस्तादांनी उत्तमला सांगितलं, वस्तादांना नाही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. जोडे वडश्याला गेले.

पहिले प्रवेश चांगले झाले. जमीनदार टक् टक् करत आला की बाया लेकरांना जवळ ओढायच्या. भाचा खूश. मग तो प्रवेश आला. नायक एकटा पाटावर बसून बहिणीला पत्र लिहितोय आणि जमीनदार मागून चोरपावलांनी सुरा घेऊन येतो.

स्टेज पोकळ फळ्यांचं. खाली ढोल ठेवल्यासारखं. भाच्यानं पहिलं चोरपाऊल टाकलं. टक्. लोक हसले. तो थांबला. दुसरं फार हळू टाकलं. टाच सागवानाची, ती हळू वाजते कुठे? टक्.

नायक नवखा होता, पाठांतर पक्कं. त्याच्या वाक्यात त्यानं बदल केला नाही. मान वर करून तो म्हणाला, "किती ही शांतता! पान जरी हललं तरी ऐकू येईल."

टक्.

हसून हसून मांडवात कोणाला बसवेना. लोक ओरडून सांगत होते, मागं पाह्य, मागं पाह्य. नायकाला मागे पाहता येत नव्हतं, नाटकात तसं नव्हतं. भाच्यालाही काही सुचेना. मग त्याला वाटलं जोडे काढून टाकावेत. त्यानं तिथेच स्टेजवर बसून, पट्टे सोडून, जोडे काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता एका हातात सुरा, एका हातात जोडे. अनवाणी, अगदी आवाज न करता तो नायकाच्या मागे पोचला आणि घाईत चुकीचा हात मारला.

सुरा पुठ्ठ्याचा होता. जोडा नव्हता.

नायक ठरल्याप्रमाणे कोसळला, पण पुढचं मरतानाचं भाषण त्यानं म्हटलं नाही. म्हणायच्या अवस्थेतच तो नव्हता. पाणी मारून त्याला शुद्धीवर आणलं तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, "सुरा कधी बदलला?"

पुढच्या गावांत लोक तिकिटाआधी विचारायला लागले की जोड्यानं मारतात तेच नाटक आहे ना. मंडळीचा मालक जोडे मागायला मूलपर्यंत आला होता. उत्तमनं दिले नाहीत.

*

हा शेवटचा आम्ही सांगत नाही. तो उत्तमची बायको, कुंदावहिनी सांगते, आणि ती सांगायला लागली की उत्तम पान खायला बाहेर जातो. पण त्या दिवशी मी तिथे होतो.

उत्तमला नोकरी चांगली, माणूस चांगला, पण लग्न जमेना. दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, मागून निरोप आला की मुलगा जरा लहान वाटला. लहान म्हणजे वयानं नाही. उत्तम दाखवायचा नाही, पण त्या दिवसांत तो आरशासमोर उभा राहायचा बंद झाला होता. केस न पाहताच विंचरायचा.

मग नागभीडचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, शाळेत मास्तरीण. उत्तमच्या मामानं चौकशी केली तेव्हा मुलीच्या आत्यानं सांगितलं, आमची कुंदा अंगानं चांगली उंच आहे हो. मामा घाबरला. त्यानंही ठोकून दिलं, आमचा उत्तम काय कमी आहे?

घरी येऊन त्यानं उत्तमला जोडे घालायला लावले. उत्तम नको म्हणत होता. त्याला ते खोटं वाटत होतं. पण आई रडायला लागली, तेव्हा घातले. वर टाचा झाकतील अशी लांब पँट, खालची दुमड उसवून. मामानं लांबून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

नागभीडला आम्ही त्यांच्या दारात पोचलो. मुलीचे वडील हात जोडून उभे, या, आत या. आणि दारात चपलांची रांग.

हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घरात जायचं म्हणजे जोडे काढावे लागणार. उत्तम उंबऱ्यापाशी खांबासारखा उभा. मामाच्या कपाळावर घाम. मीच बोललो. म्हटलं, अंगणात काय छान हवा आहे, इथेच बसलं तर? खरं तर दुपारचं ऊन होतं आणि हवा कुठेच नव्हती. मला वाटलं, आता हे लोक काय समजतील. पण मुलीच्या आत्याबाई एकदम खुलल्या. "हो हो, इथीच बसा. आत काऊन कोंडून बसायचं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच खुर्च्या ओढल्या. मला जरा नवल वाटलं.

त्यांचं अंगण फरशीचं होतं. आम्ही बसलो. उत्तमनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. निळी साडी, काठ अगदी जमिनीला टेकलेला. मान खाली. चेहरा शांत होता, पण चालताना ती एकेक पाऊल जपून टाकत होती.

मामानं शिकवल्याप्रमाणे उत्तम उठून उभा राहिला. दोघं समोरासमोर. उंचीला अगदी जुळत होते. मामानं माझ्याकडे विजयानं पाहिलं. तिकडे आत्याबाईंनीही मुलीच्या वडिलांकडे तसंच पाहिलं.

पोहे झाले, चहा झाला. आत्याबाई म्हणाल्या, दोघांना जरा बोलू द्या, विहिरीपर्यंत जाऊन या. मी तिकडेच हात धुवायला गेलो होतो, विहिरीच्या आडोशाला. दोघं फरशीवरून चालत आले. मी आधी मान वर केली नाही, नुसतं ऐकत होतो. टक् टक्, टक् टक्. चार पावलं वाजत होती.

विहिरीपाशी ते थांबले. मी आडून हळूच पाहिलं. उत्तमनं एकदा तिच्या साडीच्या काठाकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून त्यानं विचारलं, "तुमचेबी लाकडाचेच हाय काय?"

कुंदानं मागे वळून आत्याबाई कुठे आहेत ते पाहिलं. मग साडीचा काठ दोन बोटांनी जरासा उचलला.

"पयले तुमी काढा."